किटलीला न घेता

सोमवार, ता. १४, दुपार

ती. ताईंना सा. न.

तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर, आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. हे हास्यास्पद आहे याची मला कल्पना आहे. पण समोर आले की तुम्ही चहा टाकता, मग किटली मधे येऊन मांडीवर चढते, मग तुमची पुस्तकं बांधायची खळ सांडते, ती पुसता पुसता मी जे बोलायला आलेली असते ते तसंच घेऊन जिना चढते. शिवाय मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासायच्या आणि काय आढळलं ते लिहून द्यायचं, हाच माझा धंदा. हेही तसंच समजा.

इकडे सर्व ठीक. तुमचं ठीक असेलच, सकाळी जिन्यात दिसलात. किटलीचा खोकला गेला, हे तुम्हाला माझ्याआधी कळलेलं आहे, कारण शुक्रवारपासून कालपर्यंत ती तुमच्याकडेच होती. तुम्ही दिलेला स्वेटर मी नेला नव्हता आणि तिथे थंडी होती. झालं समाधान?

काल दारातच तुम्ही विचारलंत, "काय मग, केली ना मजा?" आणि मी "हो" म्हणाले. मजा झाली नाही. का झाली नाही ते तुम्हाला कळायला हवं, कारण ही सहल ठरवण्यात तुमचा हात होता. आणि तो किती खोलवर होता हे मला शनिवारी कळलं, तेही दोन मजल्यांच्या मधे लटकत असताना.

पण क्रमाने सांगते.

निघताना तुम्ही आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं होतंत, की मी लिफ्ट बघणार नाही आणि तुमचा भाऊ छापील कागद नाकाला लावणार नाही. त्याने स्टेशनवरच मोडलं. फलाटावर एका मोठ्या जाहिरातीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हा लाल बघ. निळा जास्त पडलाय. बाईचे ओठ आजारी दिसताहेत." आमची गाडी उभी होती, तिचं दार उघडं होतं, आणि हा त्या बाईच्या ओठांची चौकशी करत होता. मी त्याला दंडाला धरून आत चढवलं. छापखान्यात रंग जुळवणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, असं तुम्ही मला वेळेवर सांगायला हवं होतंत.

शहर चांगलं आहे. स्वच्छ आहे, नदी आहे, नदीवर पूल आहेत, पुलांवर आमच्यासारखी जोडपी आहेत. त्याने सगळं आखून ठेवलं होतं. आधी बोट, मग चित्रसंग्रहालय, मग कुठेतरी उंचावर बसून कॉफी. मी रस्ता ओलांडताना दर वेळी त्याचं मनगट पकडत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो म्हणाला, "अगं, मला येतो रस्ता ओलांडता." मग मी हात खिशात घातले. बोटीवर एका अनोळखी बाईचं मूल कठड्याला लोंबकळत होतं, तर मी उठून त्याची कॉलर धरली. त्याची आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच त्याला ढकलत होते. तुमचा भाऊ म्हणाला, "आपण इथे तिच्याशिवाय आलोय, आठवतंय ना?" आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच.

तुम्ही तिचं नाव किटली ठेवलंत तेव्हा मला राग आला होता, हे आज सांगते. माणसाच्या मुलीला भांड्याचं नाव! पण तापायला लागली की आधी ती बारीक शिट्टी, मग ते झाकण उडणं. दुसरं कुठलं नाव तिला बसलं नसतं. बोटीवर मला सारखी ती शिट्टी ऐकू येत होती. ती इंजिनाची होती.

आता लिफ्ट.

हॉटेलची लिफ्ट मजल्याला बरोबर थांबत नव्हती, बोटभर खाली थांबायची. आमच्या बॅगेचं चाक दर वेळी उंबऱ्याला अडायचं. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती गोड हसून म्हणाली, "मॅडम, थोडं पाऊल उचलून टाका ना." मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. तरी मी गप्प बसले. शुक्रवारी संध्याकाळी गप्प, शनिवारी सकाळी गप्प. तुमचा भाऊ मला शाबासकी दिल्यासारखं बघत होता.

शनिवारी दुपारी आम्ही जेवून परतलो. तो सारखा घड्याळ बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, पाय दुखले असतील तुझे, जरा पड." लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. आणि मला राहवलं नाही. जिथे थांबण्यात चूक आहे तिथे दारात काय असेल, असं डोक्यात आलं, आणि लिफ्ट वर जात असताना मी बोटांनी दार किंचित सरकवलं. चालत्या लिफ्टचं दार उघडलं तर तिने जागच्या जागी थांबायला हवं. ती थांबली. तेवढ्यापुरती ती चोख होती, हे मी कुणालाही लिहून देईन. दार मिटलं की तिने पुन्हा चालूही व्हायला हवं होतं. ती झाली नाही. दाराच्या वर विजेचा एक जोड असतो, तो झिजलेला होता, सुटला तो पुन्हा जुळलाच नाही.

"काय केलंस?" तो म्हणाला.

"काही नाही. दार बघितलं."

"सुट्टीत?"

"दाराला सुट्टी नसते."

हात दाखवून अवलक्षण, असं तुम्ही म्हणाल. त्यानेही तेच म्हटलं. तुम्ही दोघं भावंडं एकाच साच्यातली.

मी घंटीचं बटण दाबलं. भिंतीतल्या स्पीकरमधून ती काउंटरवरची मुलगी बोलायला लागली. "घाबरू नका, मॅडम! आमची लिफ्ट अगदी सुरक्षित आहे!"

"माहीत आहे," मी म्हणाले. "आत्ताच खात्री केली."

मेकॅनिक त्याच्या मुलाच्या फुटबॉलच्या मॅचला गेला होता. मॅच संपली की निघणार होता. तिने आम्हाला खाली बसून घ्यायला सांगितलं. आम्ही बसलो. लिफ्टमध्ये आरसे लावतात ते आतल्या माणसांना कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून. इथे तिन्ही बाजूंना होते. त्यामुळे जिकडे बघावं तिकडे तुमचा भाऊ, आणि प्रत्येकाचा चेहरा चोरासारखा. मला वाटलं, बंद जागेची भीती वाटत असेल.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला. "सर, ते तुम्हाला घर दाखवायला येणारे गृहस्थ खाली आलेत, किल्ली घेऊन. थांबा म्हणू का त्यांना?"

मी आरशातल्या एका भावाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. एकही माझ्याकडे बघेना.

"कुठलं घर?" मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. तिथल्या मोठ्या छापखान्यात त्याला रंगविभागाचा प्रमुख म्हणून बोलावलंय. पुढच्या महिन्यापासून. या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. म्हणजे बोट, चित्रं, उंचावरची कॉफी, हा सगळा त्या घरापर्यंत न्यायचा रस्ता होता.

"मग मला सरळ का नाही सांगितलंस?"

"ताई म्हणाली, सरळ विचारलंस तर ती सरळ नाही म्हणेल. आधी शहर दाखव, दोन दिवस जरा मोकळी होऊ दे, मग विषय काढ."

"ताईंना माहीत आहे?"

"पहिल्यांदा तिलाच सांगितलं."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही बहीण-भावाने मिळून! ताई, त्या क्षणी तुमचा मला जेवढा राग आला तेवढा त्याचाही आला नाही. त्याच्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते की त्याने रंग बरोबर ओळखावेत. तुमच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती.

"मॅडम," स्पीकर म्हणाला, "मी अजून लाइनवर आहे. ठेवू का?"

"ठेवा," तो म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणाले. "एक साक्षीदार असलेला बरा."

ती बिचारी राहिली. मधूनमधून खोकत होती.

मग त्याने एकेक करून माझी सगळी उत्तरं काढून घेतली. माझ्या कामाचं काय, तर तिथे उंच इमारती ढीगभर आहेत आणि तपासणारे कमी, माझी बदली सहज होईल. हे त्याला कुणी सांगितलं, तर माझ्या साहेबांनी. म्हणजे साहेबांनाही माहीत! "आणखी कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं. "दूधवाल्याशी बोललास का? त्याचं काय मत पडलं?" किटलीच्या शाळेचं काय, तर शाळा छापखान्याच्या मागेच आहे, सकाळी सुरू होते, दुपारी सुटते.

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर तू ये ना घरी. साहेब म्हणाले, वेळ जमवून घेता येईल. मला तिथे उशीर होईल थोडा, पण तुम्ही दोघी मजेत राहाल."

तुम्ही दोघी.

मी भिंतीला टेकले. त्याला वाटलं मी वितळले. तो पुढे सरकून अगदी मायेने म्हणाला, "मग आता अडतंय कुठे?" मी त्या झिजलेल्या जोडाकडे बघत राहिले. वर, दाराच्या चौकटीत, तो मला दिसत होता. दोन्ही तुकडे अगदी जवळ होते. हात पोचला असता तर मी तिथल्या तिथे दुरुस्त केला असता आणि या प्रश्नातून सुटले असते.

मेकॅनिक आला तेव्हा गळ्यात पोराच्या संघाचा मफलर होता. मी त्याला काय झालंय ते सांगितलं, तर म्हणाला, "ताई, तुम्ही आराम करा, मी बघतो." सगळं जग मला आराम करायला सांगत होतं. त्याच्या संघाचा पराभव झाला होता. मला बरं वाटलं.

घर बघायला गेलोच. किल्लीवाला गृहस्थ इतका वेळ थांबला होता की नाही म्हणायची लाज वाटली. घर चांगलं आहे, ताई. मी प्रामाणिकपणे सांगते, त्यात खोट काढायची मी खूप खटपट केली. नळ सोडून पाहिले, खिडक्या ओढून पाहिल्या, स्वयंपाकघरात कुठे ओल आहे का ते भिंतीला हात लावून पाहिलं. तुमचा भाऊ आणि तो गृहस्थ गॅलरीत गेले, पलीकडच्या भिंतीचा पिवळा किती चांगला उतरलाय याची चर्चा करायला. मी मधल्या खोलीत एकटी होते. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. किटली ती खोली बघून नाचलीच असती.

किल्लीवाला आत आल्यावर मी त्याला विचारलं, "खाली कोण राहतं?"

"खाली कोणी नाही," तो अभिमानाने म्हणाला. "एका कंपनीचं सामान ठेवलेलं असतं. आवाज नाही, कटकट नाही. वर कितीही दंगा करा, कोणाला कळणार नाही."

मी जाऊन खिडकी सताड उघडली. तुमच्या भावाने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणाले, लिफ्टमधली हवा.

रात्री उंचावरची कॉफी रद्द केली. रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. संध्याकाळची तिकिटं बदलली म्हणून तो रुसला. मला किटलीची आठवण येतेय असं मी सांगितलं. ते खरं होतं आणि तेवढंच कारण नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. किटली झोपेतून उठली, तिला दूध दिलं. आत्ता ती खाली तुमच्याकडे आली आहे, तुमच्या कागदाच्या कपट्यांचं काहीतरी करते आहे, मला तिचा आवाज येतोय. म्हणून आत्ताच लिहून टाकते, ती परत यायच्या आत.

त्या पहिल्या काही महिन्यांबद्दल आपण कधी बोललो नाही. ती रडायची आणि मी तिला पाळण्यात ठेवून, दार ओढून घेऊन, बाहेर जिन्यात जाऊन बसायचे. मला तिची भीती वाटायची. खरं म्हणजे तिची नाही. माझे हात तिच्याजवळ असले की मला माझ्या हातांची भीती वाटायची. एकदा तुम्ही वर येत होतात आणि मी तशी बसलेली तुम्हाला दिसले. आतून तिचा आवाज येत होता. तुम्ही काहीही विचारलं नाहीत. माझ्या शेजारून आत गेलात, तिला उचललंत, खाली जाताना फक्त म्हणालात, "खळ घट्ट होतेय, मी हिला घेऊन जाते." दुसऱ्या दिवसापासून रोज तुम्हाला वर यायला काही ना काही निमित्त असायचं. कधी कात्री हवी, कधी साखर परत द्यायची, कधी नुसतं "ऊन कुठवर आलं बघायला." भावाला तुम्ही एक शब्द सांगितला नाहीत. मलाही नाही.

मी बरी झाले, हे मला माहीत आहे. कधी झाले ते माहीत नाही. कारण त्या दिवसापासून आजपर्यंत मी आणि किटली, दोघीच, असा एक पूर्ण दिवस गेलेला नाही. तुम्ही तो येऊ दिला नाहीत आणि मीही नाही. रविवारी तुमचा भाऊ घरी नसला की मी काही तरी घेऊन खाली येते आणि तुम्ही जेवायला बसवता. कालपर्यंत तुमच्या भावाच्या हे लक्षात आलेलं नव्हतं. त्याला वाटायचं, नणंद-भावजयीचं छान जमतं. चार लोकांत कौतुकाने सांगायचासुद्धा.

अडतंय ते इथे. त्याला हे मी लिफ्टमध्ये सांगू शकले नाही. तीन आरसे होते आणि ती मुलगी लाइनवर होती.

आणि मग काल आम्ही परत आलो, तर जिन्याच्या कठड्याला पिशवी टांगलेली. तिची उशी, तिचा कप, रंगांची पेटी, दुपारी अंगावर घ्यायची तुमची जुनी चादर, सगळं घडी घालून. किटली म्हणाली, "आत्या म्हणाली, मी आता मोठी झाले. आता दुपारी आईकडे झोपायची सवय करायची." मग शिट्टी, मग झाकण. अर्धा तास. आणि तुम्ही दारात मजेची तेवढी चौकशी करून लगेच दार लावून आत. पुस्तकं बांधत होतात म्हणे. रविवारी!

ताई, तुम्ही काय समजता स्वतःला? एकाला नोकरीला लावून द्यायचं, दुसरीला शहर दाखवायचं, तिसरीची उशी वर पाठवायची, आणि स्वतः दार लावून घ्यायचं. मला न विचारता माझ्या घरात तुम्ही किती वर्षं ये-जा केलीत. आता न विचारता थांबणार?

माझे दोनच प्रश्न आहेत. तेव्हा, जिन्यात मला पाहिलंत तेव्हा, तुम्हालाही माझी भीती वाटली होती का? आणि आता ती पिशवी वर पाठवलीत ती माझ्यावर विश्वास आहे म्हणून, की आम्ही जाणारच असं धरून तुम्ही स्वतःला आत्ताच सोडवून घेताय म्हणून? दुसरं असेल तर मला समजेल. पहिलं असेल तर मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्याकडे बघून म्हणा, खळीच्या वाटीकडे बघून नको.

पण उद्या नाही. आज अर्धीच होती, उद्या मी पूर्ण दिवसाची रजा टाकली आहे. तुमचा भाऊ कामावर जाईल, किटलीला मी शाळेत पाठवणार नाही, आणि दिवसभर आम्ही दोघी घरात असू. त्याला मी काल रात्री जिन्यातलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी राहू का घरी?" मी नाही म्हणाले. म्हणजे उद्याचं तेवढं एक तरी तुमच्याआधी त्याला कळलं. चिडू नका.

तुम्ही वर येऊ नका. कात्री नको, साखर नको, ऊन जिथवर यायचं तिथवर येईल. ती रडली तर तुम्हाला खाली ऐकू येईल. मी ओरडले तरी येईल. तरी येऊ नका. रेडिओ लावा हवं तर. दुपारी ती त्या चादरीसाठी हट्ट करेल, मी तिला ती देईन, आणि ती झोपली नाही तर नाही झोपली.

फक्त कुठे बाहेर जाऊ नका. मंडईत नको, छापखान्यात कागद आणायला नको. घरी राहा. मी पायाने फरशीवर आपटलं तर या. आपटणार नाही, पण आपटलंच तर या.

परवा मी तुमच्या भावाला उत्तर देईन. ते काय असेल ते मला खरंच माहीत नाही, आणि हे मला लिहून द्यायला अजिबात आवडत नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,

किटलीची आई